आईला सांगायचं राहून गेलं

मी त्या गटात गेले ती काही समाजसेवेच्या ओढीनं नाही. मला डच बोलायला कुणीतरी हवं होतं, एवढंच.

आम्ही डीमन या डच गावात राहायला आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. माझ्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत, दुकानात बोट दाखवून भागायचं, पण भाषेची परीक्षा द्यायची होती आणि माझं डच 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको'च्या पुढे सरकत नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीतल्या एक डच बाई एकट्याच राहायच्या. त्यांनी उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवलेलं. लेक त्यांना 'ओमा' म्हणायची, म्हणजे आजी. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले, आपण शाळेत म्हणायचो तसं. एकदा जिन्यात त्यांनीच मला थांबवलं.

"तू मला कॉम्प्युटर दाखव, मी तुला डच शिकवते. बुधवारी दुपारी मोकळी असतेस ना?"

बुधवारी शाळा लवकर सुटते म्हणून तो दिवस मी कामावरून मोकळा ठेवला होता. मी हो म्हटलं. आणि पहिल्याच बुधवारी बाई मला घरी नाही, वस्तीतल्या समाजकेंद्रात घेऊन गेल्या. तिथे लांबलचक टेबलाभोवती सहाजण बसले होते, सगळे निवृत्त, आणि सुई-दोऱ्यानं पुस्तकं शिवत होते.

ती पुस्तकं मलावीतल्या एका खेड्यातल्या शाळेसाठी होती. बाई तिथे पहिल्यांदा गेल्या त्याला खूप वर्षं झाली होती, आणि नंतर जात राहिल्या. तिथली मुलं आपल्या आजी-आजोबांकडून गोष्टी ऐकून यायची, तिथल्या मुख्याध्यापिका त्या चिचेवा भाषेत लिहून पाठवायच्या, चित्रंही मुलंच काढायची. इथे आम्ही फक्त मोठ्या अक्षरात छापायचो, शिवायचो आणि जो कुणी जाईल त्याच्या सामानातून पाठवायचो. एवढंसंच काम. पण त्या गावात पाठ्यपुस्तकाखेरीज मुलाच्या हाती येणारं ते एकमेव पुस्तक होतं. मला ते काम आवडलं. कॉफी, बिस्कीट, सुई, आणि माझ्या चुका न हसता दुरुस्त करणारे सहा म्हातारे. परीक्षा पास झाल्यावरही मी जात राहिले.

व्हिडिओ कॉलची कल्पना माझी. एकाआड एक शनिवारी सकाळी बाईंच्या घरी लॅपटॉप लावायचा, तिकडे मुख्याध्यापिका आपला फोन खिडकीत उभा करायच्या, आणि मुलं एकेक करून नवी पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची. आम्हाला अक्षरही कळायचं नाही. आम्ही चित्रं बघायचो आणि टाळ्या वाजवायचो.

त्यात ती होती. नऊ-दहा वर्षांची, बारीक केस कापलेली, पुढचे दोन दात जरा मोठे. ती इतक्या वेगानं वाचायची की मुख्याध्यापिकांचं आपलं एकच, "हळू, हळू." वाचून झालं की इतर मुलं पळायची, ही मात्र फोनसमोर बसून राहायची. तिला प्रश्न विचारायचे असायचे. मोडक्या इंग्रजीत, मध्येच अडखळत.

"तुमच्या घरावर खरंच दुसरं घर आहे?"

"हो. आमच्यावर दोन आहेत. खाली ओमाचं."

"वरचे चालतात तेव्हा तुमच्या डोक्यावर माती पडते का?"

माझी लेक हसून लोळली. मग तिनं स्टुलावर चढून छताकडे हात उंचावून दाखवला, माती पडत नाही म्हणून. तेव्हापासून त्या दोघींचं जमलं. लेक डचमध्ये काहीतरी बोलायची, ती चिचेवात उत्तर द्यायची, आणि दोघींना सगळं कळल्यासारखं चालायचं. मी घरात मराठीत बोलले तरी डचमध्ये उत्तर देणारी माझी लेक त्या मुलीकडून मात्र दहापर्यंत आकडे शिकली.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात ती सावकाश वाचायला लागली. वाक्य वाचायची, थांबायची, पुढचं वाक्य वाचायची. मुख्याध्यापिका खूश. "बघा, आता कशी नीट वाचते." आम्हीही टाळ्या वाजवल्या. मी तर तिला अंगठा वर करून दाखवला.

वसंतात मी पहिल्यांदा मलावीला गेले. बाई, गटातले एक निवृत्त सुतार आणि मी, दोन आठवड्यांसाठी. सुतारकाका पुस्तकांसाठी फळ्या ठोकत होते, बाई शिक्षिकांबरोबर बसत होत्या आणि मी पडेल ते करत होते. ती मुलगी पहिल्याच दिवशी माझा हात धरून मला गाव दाखवायला निघाली. पाण्याच्या पंपापासून शाळेपर्यंत थोडा चढ आहे. त्या चढावर ती दोनदा खाली बसली. मला वाटलं, माझ्यासाठीच थांबतेय. मग तिच्या मानेकडे लक्ष गेलं. मानेजवळची शीर थडथड उडत होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. आधी गुडघा दुखत होता. मग घोटा. मग हात." ती हसली. "माझं दुखणं चालतं."

मी तिथेच थांबले. कारण हे मी आधी ऐकलेलं होतं, आमच्याच घरात, सोलापूरला. माझी धाकटी बहीण आठ वर्षांची असताना तिचं दुखणं असंच एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरायचं. सुरुवात साध्या घसा दुखण्यानं आणि तापानं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, हा ताप सांधे चाटून जातो पण हृदयाला चावतो. मग कितीतरी वर्षं दर एकवीस दिवसांनी तिला कमरेत इंजेक्शन. भोकाड पसरायची ती. आज ती दोन मुलांची आई आहे आणि पुण्यात टेकडी चढते.

मुलीनं मला तिच्या घरी नेलं. आई अंगणात मका कांडत होती. कमरेला छापील कापड, पाठीशी दुसरं लहान मूल बांधलेलं. तिनं मुसळ बाजूला ठेवलं, मला बसायला चटई दिली आणि ओंजळभर शेंगा माझ्या हातात ओतल्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलगी मध्ये बसून तिला जमेल तसं इकडचं तिकडे करत होती. दारातून आत पाहिलं तर भिंतीशी मक्याचं पोतं टेकवून ठेवलेलं, त्यावर तिचं पांघरूण.

"तू इथे झोपतेस?"

"बसून," ती म्हणाली. "आडवी झाले की श्वास जातो."

तिची आई माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. शेंगा खाल्ल्या, हात जोडले आणि उठले.

त्याच दुपारी मी बाईंना गाठलं. सगळं सांगितलं, बहिणीचंही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मीही नाही. आपण इथे पुस्तकांसाठी येतो. एका मुलाला उचलून बाजूला काढायचं नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे. गावाचं गावानं ठरवायचं. मुख्याध्यापिकांच्या कानावर घाल, त्या बघतील."

मी घातलं. मुख्याध्यापिका शांत, विचारी बाई. त्या म्हणाल्या, आरोग्य केंद्राची नर्स गुरुवारी येते, तिनं तपासलंय, तापाच्या गोळ्या दिल्यात. जिल्ह्याचं रुग्णालय लांब आहे. परीक्षा झाल्या की त्या स्वतः घेऊन जातील. मी म्हटलं, "लवकर नेलंत तर बरं." त्यांनी मान डोलावली. यापलीकडे आपण पाहुण्यांनी काय बोलायचं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. आणि तेवढ्यानं मला जरा हलकंही वाटलं, हेही खरं आहे.

परत आल्यावर नेहमीचं सुरू झालं. ऑफिसात सॉफ्टवेअरचं नवीन रिलीज, लेकीची पोहण्याची परीक्षा, सायकलची पंक्चर. मग लेकीचा घसा दुखायला लागला. इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं आणि तीन दिवस वाट बघा म्हणाले. मी एरवी ऐकलं असतं. त्या दिवशी मी खुर्चीवरून उठलेच नाही. बहिणीची हकीकत सांगितली, आवाज चढवला. डॉक्टरांनी पुन्हा घसा बघितला, नमुना घेतला आणि संध्याकाळी औषध लिहून दिलं. बाहेर सायकलस्टँडपाशी मी लेकीचं हेल्मेट लावत होते, तेव्हा ध्यानात आलं. माझ्या मुलीसाठी मी बसून राहिले होते. त्या मुलीसाठी मात्र उठून आले होते.

त्या संध्याकाळी बहिणीला फोन केला. "तुला आठवतं का गं, तुला पहिल्यांदा दवाखान्यात कसं नेलं?"

"न आठवायला काय झालं! डॉक्टरांनी आईला एवढंच सांगितलं, हृदयावर जाईल. आईनं कुणाला विचारलंसुद्धा नाही. कणीक तशीच परातीत टाकली, मला कडेवर घेतलं आणि मोठ्या दवाखान्यात चालत गेली. आठ वर्षांची घोडी मी!"

पुढच्या बुधवारी मी गटात विषय काढला. शिवण झाल्यावर शेवटी "अजून कुणाला काही?" असं विचारतात, तेव्हा. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. कुणी म्हणालं, मुख्याध्यापिकांना पत्र लिहू. कुणी म्हणालं, आधी तिथल्या नर्सचं मत मागवू. सुतारकाका म्हणाले, मी पुन्हा जाऊन येतो, तर त्यांच्या बायकोनं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, घाईनं केलेली मदत मी पाहिली आहे. इथले लोक एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत, सगळ्यांचं होईपर्यंत थांबतात. सगळ्यांचं होईपर्यंत साडेपाच वाजले, खोली रिकामी करून द्यायची वेळ झाली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: पुढच्या बैठकीत चर्चा करू.

मी मुख्याध्यापिकांना दोन ईमेल लिहिल्या, बहिणीचं सगळं सांगून. त्यांनी दुसऱ्या ईमेलच्या आठवड्यातच तिला जिल्ह्याला नेलं, परीक्षांच्या आधी. तिथल्या डॉक्टरांनी बघताक्षणीच सांगितलं: हृदयाची झडप खराब झालीय, पाय सुजलेत, फार उशीर झालाय. इंजेक्शनं सुरू केली. नऊ दिवस ती तिथे होती.

शनिवारी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे लॅपटॉप लावला. त्या नऊ दिवसांतलं आम्हाला एवढंच माहीत होतं की ती रुग्णालयात आहे. लेकीनं तिच्यासाठी आमच्या इमारतीचं चित्र काढलं होतं, प्रत्येक मजल्यावर माणसं. स्क्रीन लागली. मुलं ओळीनं बसली होती, नेहमीसारखीच, फक्त कुणाच्याच हातात पुस्तक नव्हतं. मुख्याध्यापिका मध्ये उभ्या होत्या.

"आज आम्ही वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "गुरुवारी पहाटे ती गेली. काल माती दिली."

कुणी रडलं नाही. मुलं आमच्याकडे बघत होती, आम्ही त्यांच्याकडे. बाईंचा हात टेबलावर होता, तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. लेकीनं मला डचमध्ये विचारलं, "आई, ती कुठे गेली?" आणि मी तिला मराठीत सांगितलं. मराठीतच सांगता आलं. तिला कळलं. तिनं चित्र पालथं करून ठेवलं.

त्यानंतरचे काही आठवडे मी बाईंशी बोलू शकले नाही. जिन्यात दिसल्या तर मी किल्ल्या शोधायचे. बुधवारी गेले नाही. मग एका रविवारी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. इथे कुणी न कळवता येत नाही. हातात काही नव्हतं, कोट अंगावर तसाच. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या.

"तू सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी नियम दाखवला."

मी उठले. चहा टाकला, तोही त्यांना न विचारता. मग त्यांनी मला तो नियम कुठून आला ते सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा एका मुलीवर जीव जडला होता. हुशार मुलगी. बाईंनी खटपट करून तिला शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत घातलं. दोन वर्षांत ती गावाला परकी झाली. सुट्टीत आली की भावंडं तिच्याशी बोलेनात, आई तिला पाहुण्यासारखं वाढायची. शहरातही ती रमली नाही. एक दिवस तिथूनही निघून गेली आणि पुन्हा कुणाला सापडली नाही. "तेव्हा मी ठरवलं," बाई म्हणाल्या, "की माझ्या मायेपायी पुन्हा कुणाचं आयुष्य हलवायचं नाही. मला वाटलं, मी शहाणी झाले."

त्या रडत नव्हत्या. पण त्यांचा चेहरा एका सकाळीत खूप म्हातारा दिसला. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, आणि मला ते जमेना. नियम त्यांचा होता, पण तो ऐकून सुटल्यासारखं मला वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा खाली गेले. मुख्याध्यापिकांनी आधीच कळवलं होतं, मुलीची आई आज शाळेत येणार आहे, तिला बोलायचंय. ती आली, फोनसमोर त्याच जागी बसली जिथे मुलगी बसायची. मग तिनं तो हातात घेतला, पण कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ आम्हाला तिची हनुवटी आणि गळाच दिसत राहिला. मुख्याध्यापिका शेजारी बसून भाषांतर करत होत्या.

तिला फोटो हवा होता. घरात मुलीचा एकही फोटो नव्हता. आणि आमच्याकडेही नव्हता. मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत, हाही आमचाच नियम, आणि तो तर चांगल्याच हेतूनं केलेला. मी माझा सगळा फोन धुंडाळला. सुतारकाकांच्या फळ्यांच्या एका फोटोत कोपऱ्यात एक मुलगी पाठमोरी उभी होती, पुस्तक फळीवर ठेवताना. मी तो पाठवला. आईनं बराच वेळ बघितला. मग बोटानं स्क्रीनला स्पर्श करून म्हणाली, हो, ही तिचीच पाठ.

मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. तिनं काहीतरी विचारलं. मुख्याध्यापिकांनी लगेच भाषांतर केलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"ती विचारतेय," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला हाच आजार होता, हे खरं का?"

"खरं आहे."

"म्हणजे त्या दिवशी घरी आलात तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

"शंका आली होती. खात्री नव्हती. मी ओमांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं, इथे सगळ्यांना..."

आईनं माझं बोलणं संपायची वाट बघितली नाही. तिचं वाक्य लहान होतं. मुख्याध्यापिकांनी खाली बघत ते इंग्रजीत सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

काय सांगणार होते? तुझी भाषा येत नव्हती? मुलगी मध्ये होती, ती भाषांतर करत होती, तिच्या तोंडून तिचंच कसं सांगायचं? हे सगळं नंतर सुचलं. तेव्हा खरं कारण मला स्वच्छ दिसलं आणि ते फार साधं होतं. माझ्या मनातच आलं नव्हतं. बाई, मुख्याध्यापिका, नर्स, गट, बैठक, या सगळ्यांकडे मी गेले. जिच्या हातच्या शेंगा खाल्ल्या तिला सांगावं, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. जणू ती त्या गोष्टीत कुणी नव्हतीच.

"चुकलं," मी मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले.

आईनं मान हलवली. रागानं नाही. मग ती जे बोलली ते मुख्याध्यापिकांनी शब्दाशब्दानं सांगितलं. "मला सर्दी वाटली होती. थकवा वाटला होता. मला कुणी हृदय म्हटलं असतं, तर मी तिला पाठीला बांधलं असतं आणि त्याच दिवशी चालायला लागले असते. मी आधी एका मुलाला तसं नेलंय. तो वाचला."

ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिथले डॉक्टर मुख्याध्यापिकांना म्हणाले, काही महिने आधी आली असती तर कदाचित. मी त्या 'कदाचित'बरोबर राहते. ऑफिसात, ट्राममध्ये, लेकीचे केस विंचरताना.

गट चालू आहे. बाई आता बैठक चालवत नाहीत, पण सुईत दोरा ओवून देतात. मुख्याध्यापिकांच्याच सांगण्यावरून आम्ही चिचेवात एक पुस्तक केलं. घसा दुखला, मग सांधे दुखायला लागले, दम लागला, तर काय करायचं ते त्यात मोठ्या अक्षरात आहे. गावातल्या बायकांनी ते आधी वाचलं, दुरुस्त केलं, मग छापलं. ते शाळेत ठेवत नाहीत, घरोघर देतात. गावातली तीन मुलं आता दर महिन्याला इंजेक्शन घ्यायला जातात, आपापल्या आयांबरोबर. हे चांगलं झालं. पण कुणी मला "बघ, तिच्या जाण्यानं निदान हे तरी झालं" असं म्हटलं की मी खोलीबाहेर जाते.

यंदा तिची धाकटी बहीण शाळेत आली. त्या दिवशी आईच्या पाठीशी बांधलेलं ते मूल नव्हे, त्याच्याहून मोठी, मधली. ती अजून वाचत नाही, चित्रं दाखवते. पहिल्या दोन-तीन कॉलनंतर मी मुख्याध्यापिकांना विचारायचे, तिला झोप नीट लागते ना, धावते ना, घसा कधी दुखला का? त्या न कंटाळता उत्तर द्यायच्या. मग एकदा त्यांनी तिच्या आईचा निरोप दिला. त्यांना तो देताना अवघड वाटत होतं, हे दिसत होतं.

"ती म्हणाली, आता विचारू नका. काही असलं तर मुलगी मला सांगेल."

मी बरं म्हटलं. आता विचारत नाही. ती चित्र दाखवते, मी बघते.